गुहागर तालुक्यात घर करणाऱ्यांसाठी : जागा कुठे मोडते आणि कोणते दार ठोठवावे

नोकरी आटोपल्यावर, किंवा निदान वर्षातले चार-सहा महिने तरी समुद्राजवळ काढावेत या विचाराने, गुहागर तालुक्यात घर, आगर (नारळी-पोफळीची बाग) अथवा सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरचा, जमिनीचा तुकडा घेणारी मंडळी आता गावोगाव दिसतात. विंचू, साप आणि पाऊस यांची तयारी करून ती आलेली असतात. अडतात ती कार्यालयांत. नळजोडणीचा अर्ज तहसीलदाराकडे नेतात, फेरफाराची (जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाची) चौकशी सरपंचांकडे करतात आणि रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी ग्रामपंचायतीशी भांडतात, जेव्हा तो रस्ता मुळात ग्रामपंचायतीचा नसतोच. येथे कारभार भूगोलाच्या मागोमाग चालतो. आपली जागा समुद्रपट्टीत आहे, खाडीकाठी आहे की सड्यावर, ती कोणत्या वाडीत, कोणत्या महसुली गावात आणि कोणत्या पंचायतीत मोडते, हे एकदा पक्के झाले की निम्मे काम झाले असे समजावे. म्हणून या लेखात आधी नकाशा, नंतर कागद आणि शेवटी माणसे, असा क्रम ठेवला आहे.

पहिली पायरी : तालुक्याची ठेवण समजून घ्यावी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी आणि दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. तीन बाजूंना पाणी असल्यामुळे हा तालुका जमिनीने जोडलेला आहे तो मुख्यतः पूर्वेकडे, चिपळूणच्या बाजूने. चिपळूण साधारण ४५ किलोमीटर अंतरावर असून कोकण रेल्वेचे जवळचे मोठे स्थानक, मोठी बाजारपेठ आणि प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालयही तेथेच आहे. गुहागरहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ ई चिपळूण आणि कुंभार्ली घाटमार्गे कराडकडे जातो. दापोलीकडे जायचे असेल तर धोपावे ते दाभोळ आणि रत्नागिरीच्या बाजूला जायचे असेल तर तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी आहेत. त्यांत मोटारीही चढतात. नवीन माणूस नकाशावर अंतर पाहून वेळ ठरवतो आणि शेवटची फेरी चुकली की चिपळूणमार्गे रात्रीचा वळसा घालतो. फेरीच्या वेळा, विशेषतः पावसाळ्यातल्या, धक्क्यावर विचारून मगच बेत आखावा.

समुद्राकडून आत येऊ लागले की जमीन पट्ट्यापट्ट्यांनी बदलते. आधी वाळू, तिला लागून नारळी-पोफळीची आगरे, त्यांच्या पाठीशी डोंगराचा उतार, उतारावर आंबा-काजूची कलमे आणि वर गेल्यावर जांभ्या दगडाचा मोकळा सडा. डोंगरांच्या मधल्या सखल भागात भातखाचरे आणि खाडीच्या काठाला खाऱ्या पाण्याची खाजणे व खारफुटी. खुद्द गुहागर ही या ठेवणीची फार नीट पाहता येणारी वस्ती आहे. सुमारे ६ किलोमीटरच्या किनाऱ्याला समांतर जाणारा एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, समुद्राच्या बाजूच्या घरांमागे थेट पुळणीपर्यंत पोहोचणारी आगरे, मध्यावर श्री व्याडेश्वराचे देऊळ, आणि गावाचे वरचा पाट व खालचा पाट असे भाग. पत्ता सांगताना येथे कोणी घर क्रमांक सांगत नाही. पाट, वाडी आणि घराण्याचे नाव सांगतात, व तेवढे पोस्टमनला पुरते.

या पट्ट्यांचा कारभाराशी संबंध असा की प्रत्येक पट्ट्याला वेगळा कायदा चिकटलेला आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन सागरी किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीआरझेडमध्ये येते. २०१९च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी ही मर्यादा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यांपैकी जे कमी असेल तितकी आहे. ग्रामीण किनाऱ्यावर लोकवस्ती विरळ असेल तेथे भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरले जाते. आगरात जुने घर असणे आणि त्याच आगरात नवे घर बांधता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "शेजाऱ्याने बांधलेच की" या वाक्यावर विसंबून कोणी इसार देऊ नये. सड्यावर सीआरझेड बहुधा नसते. तेथे प्रश्न पाण्याचा आणि वाटेचा असतो. उतारावरच्या जागेत झाडांचा प्रश्न येतो, कारण आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जागेतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत, आणि खारफुटीला तर हातच लावू नये.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी मुरते खरे, पण ते थांबत नाही. उतारावरच्या झऱ्यांतून, पऱ्या-वहाळांतून (ओढ्यांतून) दिवाळीपर्यंत वाहून जाते. जागा पाहायला येणारे बहुतेक लोक ऑगस्ट ते डिसेंबर या काळात येतात, जेव्हा प्रत्येक विहीर काठोकाठ असते आणि सडा हिरवागार असतो. जागा पसंत करायची ती मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्या वेळी विहिरीत दोर सोडून पाणी किती आहे ते पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाडीतल्या बायकांना विचारावे की नळाला पाणी किती दिवसाआड येते. एवढी नेमकी माहिती कोणत्याही कागदावर मिळत नाही.

दुसरी पायरी : आपण नगरपंचायतीत की ग्रामपंचायतीत, हे पक्के करावे

तालुक्याचे ठिकाण असलेल्या गुहागरला नगरपंचायत आहे. बाकीची गावे ग्रामपंचायतींत आहेत. नगरपंचायत ही १९६५च्या नगरपरिषद कायद्याखाली येते. तेथे १७ प्रभागांतून १७ नगरसेवक निवडले जातात, नगराध्यक्ष असतो आणि प्रशासनाचा प्रमुख शासनाने नेमलेला मुख्याधिकारी असतो. घर बांधायची परवानगी, मालमत्ता कराची आकारणी, पाणी, कचरा, दिवाबत्ती या सगळ्यांसाठी दार एकच, नगरपंचायतीचे. हे सोपे वाटते, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. गावच्या सभेत उठून सरपंचाला जाब विचारण्याची जी सोय शेजारच्या खेड्यात आहे, ती येथे नाही. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठणे हाच मार्ग.

ग्रामपंचायत १९५८च्या अधिनियमाखाली चालते. सदस्यांची संख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असते: दीड हजारापर्यंत वस्ती असेल तर ७, तीन हजारांपर्यंत ९, असे ते चढत जाते. या तालुक्यातल्या पुष्कळ पंचायती ७ किंवा ९ सदस्यांच्या आहेत. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. सरपंच थेट मतदारांनी निवडायचा की सदस्यांनी, याबाबत राज्याने अलीकडे बरीच उलटापालट केली; २०१७मध्ये थेट निवडणूक आली, २०२०मध्ये गेली आणि २०२२मध्ये परत आली. त्यामुळे थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असे चित्र काही गावांत दिसते. अशा गावात कोणतेही काम मागताना दोन्हीकडे नमस्कार घालणे शहाणपणाचे.

पंचायतीचा सचिव म्हणजे ग्रामसेवक. २०२४मध्ये या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले, आणि तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी. बोलताना मात्र सर्वजण अजूनही भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि तलाठी असेच म्हणतात. या दोघांत गल्लत करणे ही नवागताची सर्वांत सामान्य चूक आहे. ग्रामसेवक घराचा, नळाचा, दाखल्याचा आणि पंचायतीच्या पैशाचा हिशेब पाहतो व त्याच्या वर पंचायत समितीतला गटविकास अधिकारी असतो. तलाठी जमिनीचा हिशेब पाहतो व त्याच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि प्रांताधिकारी असतात. एका तलाठ्याकडे अनेक गावांचा मिळून सजा असतो आणि एका ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक पंचायती असू शकतात, म्हणून यांतला प्रत्येकजण आपल्या गावात कोणत्या वारी बसतो हे आधी विचारून घ्यावे. हेलपाट्यांपैकी पुष्कळसे हेलपाटे एवढ्यानेच वाचतात.

नावांचा घोळ आणखी वेगळा. एसटीच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी शृंगारतळी हे नाव मोठे आहे, कारण तालुक्याची गजबजलेली बाजारपेठ ती. परंतु तेथील ग्रामपंचायत पाटपन्हाळे या नावाची आहे. कित्येक ठिकाणी दोन-तीन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते, तर कोठे एकाच महसुली गावाच्या वाड्या एकमेकींपासून दोन डोंगर दूर असतात. म्हणून जागा घेताना चार नावे वेगवेगळी लिहून घ्यावीत: वाडीचे, महसुली गावाचे, ग्रामपंचायतीचे आणि तलाठी सजाचे. विक्रेत्याला ती चारही नावे न अडखळता सांगता आली नाहीत, तर जागा बघण्याआधी तहसील कार्यालयात एक फेरी मारावी.

तिसरी पायरी : कागद वाचायला शिकावे

येथे तीन कागद एकाच आकड्याने ओळखले जातात आणि त्यांची सरमिसळ फार होते. गाव नमुना ८अ हा महसुलाचा कागद. एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे ते तो सांगतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा. आणि मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी भरायचा अर्जही नमुना ८च. बँकेने "आठचा उतारा आणा" असे सांगितले की नेमका कोणता, हे तिथल्या तिथे विचारावे.

जमिनीचा मुख्य कागद सातबारा. तो ऑनलाइन मिळतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कार्यालयांत चालतो. समजा, एका उताऱ्यावर क्षेत्र ०.४२.०० असे आहे. याचा अर्थ ४२ आर, म्हणजे ४,२०० चौरस मीटर, म्हणजे साडेएकेचाळीस गुंठ्यांच्या आसपास, एक एकराहून किंचित अधिक. त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, किती आणि लागवडीलायक किती ते वेगळे लिहिलेले असते. सड्यावरच्या जमिनीत पोटखराब्याचा आकडा मोठा असला तर नवल नाही. आता नावांच्या रकान्याकडे यावे. कोकणात तेथे तीस-चाळीस नावे असणे हा नेहमीचा प्रकार आहे. आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांच्या लेकी, मुंबईत कधीच न भेटलेली चुलत भावंडे, सगळी सामाईक. विक्रेता सांगतो की "वहिवाट आमचीच आहे", आणि ते खरेही असते. पण वहिवाट म्हणजे वाटप नव्हे. सर्व हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदाराकडून महसूल संहितेच्या कलम ८५खाली वाटप झाले असेल, किंवा दिवाणी न्यायालयाकडून झाले असेल, तरच आपण घेतलेला तुकडा जागेवर दाखवता येतो. ते झालेले नसेल तर आपण विकत घेतो ती जमीन नसते, तर हिस्सा असतो आणि त्याबरोबर चाळीस जणांची भाऊबंदकी.

इतर हक्काचा रकाना पुष्कळ लोक वाचतच नाहीत. तेथे कुळाचे नाव, बँकेचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, दुसऱ्याच्या झाडांची नोंद अशा गोष्टी असतात. खोती १९४९च्या कायद्याने गेली, तरी तिच्या खुणा जुन्या फेरफारांत अजून सापडतात. म्हणून सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक वर्तुळात दिलेले असतात, त्यांचे उतारे मागवून मागे जात राहावे. दुसरी अडचण अशी की जमीन शेतीची असेल तर १९४८च्या कुळकायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीवाचून विकत घेता येत नाही. स्वतःच्या किंवा वडिलार्जित नावावर राज्यात कोठे शेतजमीन असेल तर तिचा सातबारा आधीच काढून ठेवावा.

घराची गोष्ट जमिनीहून निराळी. देशावर गावठाणात दाटीने घरे असतात. कोकणात वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे बहुतेक घरे गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीतच उभी असतात. त्यातून घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती सर्रास आढळते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर घर आपल्या नावाने लागले, घरपट्टीची पावती मिळाली, म्हणजे जमिनीची मालकी मिळाली असे होत नाही. तो उतारा कर वसूल करण्यासाठी आहे. पावती नीट पाहिली तर तिच्यावर घरकर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी अशा वेगवेगळ्या ओळी दिसतात. खरेदीच्या वेळी मागची थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, नाहीतर आधीच्या मालकाची पाणीपट्टी आपल्या गळ्यात पडते.

सर्व कागद जुळले तरी मोजणीवाचून पैसे पूर्ण देऊ नयेत. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, आणि गडगा (हद्दीची दगडी भिंत) कोणाच्या हद्दीत आहे याची खरी चर्चा त्या दिवशीच होते.

चौथी पायरी : वाट कोणाची आहे ते पाहावे

आमच्या मते कोकणात जमिनीच्या भावापेक्षा वाटेची चौकशी जास्त महत्त्वाची आहे. पूर्वी माणसे पाखाडीने (दगडी पायवाटेने), गडग्यांच्या मधून, दुसऱ्याच्या आगरातून चालत जात आणि कोणी हरकत घेत नसे. चालणाऱ्या माणसाला कोणी अडवत नाही; पण त्याच वाटेने जांभ्या चिऱ्यांचा ट्रक न्यायचा म्हटले की गडगा पाडावा लागतो आणि तंटा सुरू होतो.

वाट सार्वजनिक आहे की नाही हे पाहण्याची जागा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना २३, रस्त्यांची नोंदवही. "रस्ता तेवीस नंबरला आहे का?" हा प्रश्न ग्रामसेवकाला विचारावा आणि उतारा मागावा, त्यात रस्त्याचे नाव, कोठून कोठे, लांबी आणि रुंदी असते. रुंदीचा आकडा जागेवर टेप लावून पडताळावा. नोंद नसेल आणि वाट खाजगी जमिनीतून जात असेल, तर त्या जमीनमालकाचे नोंदणीकृत संमतिपत्र खरेदीखताच्या आधी घ्यावे, नंतर नव्हे. शेतजमिनीला वहिवाटीची वाट असून ती कोणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३खाली बांधावरून रस्ता मागता येतो. परंतु ही दोन्ही कलमे शेतीसाठी आहेत. बंगल्यापर्यंत मोटार नेण्याची हौस त्यांतून भागत नाही.

मोठ्या रस्त्यांची वाटणीही जाणून घ्यावी. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि महामार्गाची यंत्रणा वेगळी. खड्डा एकच असला तरी अर्ज कोणाला लिहायचा ते रस्त्याच्या दर्जावरून ठरते, आणि तो दर्जा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर किंवा फलकावर रा.मा., प्र.जि.मा., ग्रा.मा. असा लिहिलेला असतो.

पाचवी पायरी : ग्रामसभेत जावे

ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदार. कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याची जुनी रीत आहे. सूचना सात दिवस आधी पंचायतीच्या फलकावर लागते. आता ती गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही येते, तेव्हा त्या गटात स्वतःला घालून घ्यावे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावातला जाणता माणूस तहकूब सभा कधीच चुकवत नाही, कारण मोजक्या माणसांत ठराव तिथेच होतात. सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. घरातल्या स्त्रियांनी तिला अवश्य जावे, पाणी आणि शौचालयांचे प्रश्न तेथे अधिक नेमकेपणाने मांडले जातात.

येथे एक कळीची बाब आहे. मतदार यादीत नाव पुण्यात किंवा ठाण्यात असेल तर आपण ग्रामसभेचे सदस्य नाही. घरपट्टी भरणारा म्हणून आपल्याला बसू देतील, चहाही देतील, पण ठरावावर हात वर करण्याचा हक्क आपल्याला नाही. खरोखरच गावी राहणार असाल तर मतदार यादीतील नाव इकडे आणावे. नाव आणले म्हणजे शहरातले मत जाते, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

सभेत काय पाहावे? पहिल्या सभेत बोलू नये, ऐकावे. विषयपत्रिकेवर बहुधा मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, गावाचा विकास आराखडा, लाभार्थ्यांची निवड, पाणीपुरवठा आणि आयत्या वेळचे विषय असतात. वित्त आयोगाचा निधी कोणत्या वाडीला, कोणत्या कामासाठी गेला हे जमाखर्चाच्या वाचनात कळते. कोणत्या वाडीची पाखाडी झाली, कोणाच्या दारापर्यंत पथदिवा गेला, कोणती विहीर दोनदा दुरुस्त झाली, याच्या नोंदींवरून गावातल्या सत्तेचा नकाशा आपोआप उलगडतो. सभा संपल्यावर नोंदवहीत सही करताना ती कोरी तर नाही ना, एवढे बघावे. ठराव लिहिण्याआधी सह्या घेण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि तिला नम्रपणे नकार देता येतो. स्वतःचा विषय मांडायचा असेल तर तो आधीच लेखी द्यावा, म्हणजे विषयपत्रिकेवर येतो. आयत्या वेळी उठून मांडलेला विषय बहुधा "पुढच्या सभेत घेऊ" या वाक्यात बुडतो.

सहावी पायरी : कायद्याच्या पुस्तकात नसलेला कारभार

पंचायतीखेरीज गावाला गावकी असते आणि वाडीला वाडीची बैठक. ग्रामदेवतेचे मानकरी, शिमग्याच्या पालखीचा क्रम, सार्वजनिक विहीर उपसण्याचे दिवस, पऱ्यावर श्रमदानाने बंधारा घालण्याची वेळ, स्मशानाची वाट, हे सर्व तेथे ठरते. या बैठकीला कायद्याचे अधिकार नाहीत; तिच्या निर्णयाने कोणाचा हक्क काढून घेता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु रोजच्या व्यवहारात तिचे मन राखल्यावाचून गावात राहता येत नाही. वाडीची वर्गणी किती ते विचारून वेळेवर द्यावी आणि पालखी दारात येईल त्या दिवशी घराला कुलूप नसावे.

बहुतेक वाड्यांचे मुंबई मंडळ असते. गिरणी-गोदीच्या काळापासून मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांची ही मंडळे देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे पत्रे, वाडीचा सभामंडप यांसाठी पैसा उभा करतात, आणि जो पैसा आणतो त्याचा शब्द चालतो. वाडीच्या जागेसंबंधी एखादा निर्णय गावातले लोक टाळत असतील, तर तो बहुधा गणपतीत किंवा मे महिन्यात, मुंबईकर आल्यावर होणार असतो. वाट पाहावी.

पोलीस पाटील हे निराळे पद आहे. तो निवडून येत नाही. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली प्रांताधिकारी त्याची नेमणूक करतात. भाडेकरू किंवा राखणदार ठेवला, चोरी झाली, दरड कोसळली किंवा बेवारस होडी किनाऱ्याला लागली, तर पहिला फोन त्याला. किरकोळ भांडणासाठी गावात तंटामुक्ती समिती असते; ती चालते की नावापुरती आहे हे गावागणिक बदलते.

सातवी पायरी : गावाच्या वरची दारे

गावात काम झाले नाही तर वर जायचे, पण योग्य जिन्याने. पंचायतीच्या कामाचा जिना पंचायत समिती, गुहागर, आणि तेथून रत्नागिरीची जिल्हा परिषद. जमिनीचा जिना गुहागरचे तहसील कार्यालय, चिपळूणचे प्रांत कार्यालय, रत्नागिरीचे जिल्हाधिकारी कार्यालय. वीज महावितरणकडे. आजारपणासाठी आबलोली, हेदवी यांसारख्या ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे, गुहागरला ग्रामीण रुग्णालय आणि त्यापुढे चिपळूणजवळ कामथे येथील उपजिल्हा रुग्णालय. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत एक गंमत आहे. जिल्हा रत्नागिरी असला तरी गुहागर विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी रायगडला जोडलेला आहे, त्यामुळे खासदार निधीतून काम मागायचे असेल तर पत्र रायगडच्या खासदारांना लिहावे लागते. रत्नागिरीच्या खासदारांकडे गेलेली निवेदने सौजन्याने स्वीकारली जातात, एवढेच.

तक्रारीसाठी तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. दाखले व उतारे वेळेत मिळत नसतील तर २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येते. कोणत्या सेवेला किती दिवस हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असलेच पाहिजे. कामाचे अंदाजपत्रक, देयके, ठरावाची प्रत अशी माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या मुद्रांकासह करावा; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. लहान गावात पहिल्याच महिन्यात असा अर्ज टाकणे म्हणजे युद्ध पुकारणे समजले जाते, म्हणून आधी तोंडी विचारावे, मग साध्या पत्राने आणि न जमल्यास या मार्गाने.

कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही व गोल शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये. "साहेब आले की देतो, ठेवून जा" असे उत्तर मिळाल्यास बाकावर बसून राहावे, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. अपिलाची आणि दिरंगाईची प्रत्येक मुदत त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजली जाते.